कुंदाबाईचं भगरीचं पीठ

कुंदाबाई आमच्या शेजारी राहायला आली ते साल पंच्याऐंशी. तिच्या कडेवर हर्षला होती. पोर चार वर्षांची, पण वर्षाच्या बाळासारखी हलकी. हातपाय वाळलेले, केस विरळ, आणि पोट तेवढं फुगून टणक झालेलं. मी सहज विचारलं, "जंत झालेत का हो?" कुंदाबाई म्हणाली, "जंताचं औषध तीनदा दिलं, वहिनी. दृष्ट काढली, अंगारा लावला. जे खाते ते पोटात राहतच न्हाई."

तिचं माहेर सावद्याचं, केळीवाल्या घरातलं. नवरा पितांबरभाऊ जळगावच्या एका डाळमिलमध्ये फिटर. मी तेव्हा पोस्टात काउंटरवर होते. आमच्या दोन घरांमध्ये एक पातळ भिंत होती. हर्षलाचं रडणं मला पलीकडून ऐकू यायचं आणि त्यामागून कुंदाबाईचं समजावणंही.

त्याच वर्षी इथल्या मुलांच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला पाठवलं. तिथं आतड्याचा एक बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा आजार कळला. पोळी मऊ होते, कणीक ताणली की तुटत नाही, ती गव्हातल्या ज्या चिकटपणामुळे, तोच या मुलीच्या आतड्याला जाळत होता. आजार जन्मभराचा. पोळी, पाव, बिस्किट, रवा, शेवया, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा चालणार नाही. शिवाय गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेलं ज्वारीचं पीठही चालणार नाही, कारण दगडाला गहू चिकटलेला असतो.

"मग हिनं खावं काय?" कुंदाबाईनं विचारलं.

"तांदूळ, ज्वारी, बाजरी, भगर," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आजीच्या घरात जे होतं ते सगळं."

कुंदाबाईनं आईचं जुनं जातं सावद्याहून आणवलं, उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यात मांडलं. सुरुवातीला हर्षलाच्या पोटाला ज्वारीही जड जायची. टिकली ती भगरीची पातळ पेज. आपण उपासाला खातो तीच ही भगर. सातपुड्याच्या पायथ्याला तिच्या धान्याला मोर म्हणतात. यावलकडच्या एका पाड्यावरची दिवालीबाई पूर्वी सावद्याला केळीच्या मळ्यात मजुरीला यायची. कुंदाबाईला तिनं लहानपणापासून पाहिलेलं. ती दर महिन्याला एस.टी.नं गाठोडं घेऊन यायला लागली. घरच्या उखळात कांडलेली भगर, एक खडा नाही की एक गव्हाचा दाणा नाही.

पहिल्याच खेपेला तिनं सांगून ठेवलं, "अक्का, हे पोटाला हलकं. आमची बाळंतीण, म्हातारं माणूस, सगळे खातात. पण ओल लागली तर फेकून दे. दिसायला चांगलं दिसतं, पण बुरशी असते. खाल्लं की डोकं गरगरतं, उलट्या होतात. आणि पीठ करून ठेवू नको. दळ आणि खा."

दोन महिन्यांत हर्षलाचं पोट खाली बसलं. सहा महिन्यांत ती अंगणात धावताना धपकन पडली आणि कुंदाबाई रडायला लागली. मी घाबरून बाहेर आले तर म्हणते कशी, "लागलं म्हणून न्हाई रडत, वहिनी. पडायइतकी धावली, म्हणून."

भगरीच्या पिठाला ती चमत्कार मानत नव्हती, ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. मुंबईच्या डॉक्टरांचं वाक्य तिनं पाठ केलं होतं आणि येईल त्याला ऐकवायची: "पीठ औषध न्हाई. गहू बंद झाला, हे औषध." नुसत्या भगरीवर पोर वाढत नाही, सोबत डाळ पाहिजे, दूध, शेंगदाणे, पालेभाजी पाहिजे, हेही ती सांगायची.

हळूहळू तिच्याकडे माणसं यायला लागली. आधी आल्या उपास करणाऱ्या बायका. उपासाच्या पिठात धान्य मिसळलेलं चालत नाही, आणि कुंदाबाईचं जातं तर गव्हापासून दूरच होतं. मग इथले डॉक्टर एखाद्या आजारी मुलाच्या आईला तिचा पत्ता देऊ लागले. पहूरहून एक बाई आली, भुसावळहून एक रेल्वेतला माणूस आला. लांबून पत्रं येत. ती पत्रं माझ्याच हातून जात आणि संध्याकाळी तिच्या घरी बसून उत्तरंही मीच लिही. कुंदाबाई सांगायची, मी लिहायची. भाकरी तुटते म्हणून घाबरू नका, पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, झाकून ठेवा, मग हातानं थापा. लाटायला जाऊ नका, हे पीठ लाटलं जात नाही. आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. पावसाळ्यात चारच दिवस.

जातं ओढून ओढून तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, वेणी घालायला ती माझ्याकडे यायची. त्याच सुमारास, म्हणजे एकोणनव्वदमध्ये, तिचा धाकटा भाऊ चुडामण सावद्याहून जळगावला आला.

चुडामण तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई शेतात, म्हणून कुंदाबाईनंच त्याला वाढवलेला. त्याला कांजिण्या आल्या तेव्हा दहावीची परीक्षा सोडून ती त्याच्या उशाशी बसली होती आणि पुढं तिची शाळा सुटली ती सुटलीच. हे ती कधी सांगायची नाही. मला तिच्या आईनं, धुरपदाबाईनं सांगितलं. चुडामण बोलायला गोड, कामाला चपळ. सावद्याला केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम करायचा, तिथं भागीदाराशी भांडण झालं आणि हा मोकळा झाला. अक्काचा खांदा पाहून म्हणाला, "मी आहे ना. इजेची चक्की बसवू. तू नुसती बसून सांग."

शहराबाहेर एक पत्र्याची शेड घेतली. कुंदाबाईनं एकच अट घातली: शेडच्या उंबऱ्याच्या आत गव्हाचा दाणा येता कामा नये. चुडामणनं दारावर पाटीच रंगवली, "येथे गहू दळला जात नाही." ती पाटी पाहायला कुंदाबाई मला रिक्षात घालून घेऊन गेली होती. अक्षरं वाकडीतिकडी होती, पण भावानं आपल्या हातानं काढली म्हणून तिला भारी कौतुक.

पहिली दोन-तीन वर्षं चांगली गेली. कुंदाबाई रोज शेडवर जायची, भगर निवडायची, वास घ्यायची, दाताखाली चावून बघायची. एका श्रावणात पोत्याच्या तळाला ओल लागली होती. वरची भगर कोरडी, पांढरीशुभ्र. चुडामण म्हणाला, "तळची काढून टाकू, बाकीची उन्हात घालू." कुंदाबाईनं ऐकलं नाही. तिनं सगळं पोतं पुरायला लावलं. गुरांनाही घालू दिलं नाही. त्या दिवशी चुडामण जेवला नाही. "भावाचं नुकसान तुले दिसत न्हाई," एवढं बोलला.

मग त्यानं एक पत्रक छापून आणलं. वर कुंदाबाईचा फोटो, खाली मजकूर: साखर, सांधेदुखी, लठ्ठपणा, रक्तदाब, सगळ्या रोगांवर एकच उपाय, कुंदाबाईंचं भगरीचं पीठ. आमच्या गल्लीतल्या तोतारामनानांना साखरेचा आजार होता. त्यांनी पत्रक वाचून गोळ्या बंद केल्या आणि दोन्ही वेळा भगरीची भाकरी सुरू केली. पंधरा दिवसांत एका सकाळी अंगणातच कोसळले. ते दवाखान्यातून परत आल्यावर कुंदाबाई त्यांच्या पायाशी जाऊन बसली. "नाना, भगर झाली तरी तिचीबी पोटात साखरच होते. बेतानं खा अन् गोळी सोडू नका. मी असं कधी म्हटलं होतं का?" नाना म्हणाले, "तुझा फोटो होता ना, पोरी."

घरी येऊन तिनं पत्रकांचा गठ्ठा बंबात घातला. चुडामण कान पकडून हसला, "चुकलं अक्का. छापणाऱ्यानं वाढवलं." तिनं सोडून दिलं. भाऊ होता.

त्र्याण्णवच्या सुरुवातीला धुळ्याहून हिलाल मास्तर आले. प्राथमिक शाळेत शिक्षक, अंगावर इस्त्री केलेला पण विटलेला शर्ट. त्यांचा मुलगा समाधान सात वर्षांचा. हर्षलाचाच आजार. बायको नोकरी करणाऱ्या नवऱ्याचं आणि दोन पोरांचं बघायची, घरात जातं नाही, दळायची ताकद नाही. मास्तरांनी हर्षलाला समोर उभं राहायला सांगितलं. ती तेव्हा बारा वर्षांची, तुकतुकीत, दोन लांब वेण्या. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"माझा असा होईल, अक्का?"

"होईल. गहू चुकूनबी जाऊ देऊ नका."

"तुमच्या पिठाची खात्री आहे ना? रागावू नका, विचारावं लागतं."

"माझ्या पोरीच्या पोटात जातं ते," कुंदाबाई म्हणाली.

परत गेल्यावर त्यांनी पुन्हा एकदा पत्रातून तेच विचारलं. कुंदाबाईच्या सांगण्यावरून मी उत्तर लिहिलं, "हे पीठ समाधानला निर्धास्त द्या." खाली तिची सही. अक्षर माझं.

त्यानंतर लवकरच तिच्या खांद्याच्या दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली. रोज शेडवर जाणं बंद झालं. चुडामण म्हणाला, "तू आराम कर, मी बघतो." हर्षलाचं पीठ तो स्वतः घेऊन यायचा, लाल झाकणाच्या वेगळ्या डब्यात. एकदा डबा संपला होता आणि त्याला यायला उशीर झाला. कुंदाबाईनं घरी ठेवलेल्या, बाजारात जाणाऱ्या पिठाच्या पुड्यांतली एक पुडी फोडायला घेतली. तेवढ्यात चुडामण दारात आला. त्यानं पुडी तिच्या हातातून काढून घेतली. "पोरीले ताजं पीठ पाहिजे, अक्का. थांब," असं म्हणत तसाच स्कूटरवर शेडवर गेला आणि पाऊण तासात डबा भरून घेऊन आला. कुंदाबाईनं ते मला किती अभिमानानं सांगितलं! "मामा असावा तर असा."

आषाढी एकादशीला मी तसल्याच एका पुडीतल्या पिठाच्या पुऱ्या केल्या. छान लाटता आल्या, कडा फाटल्या नाहीत. मी भिंतीपलीकडे हाक मारून सांगितलं, "कुंदाबाई, तुझ्या पिठाच्या आता पुऱ्यासुद्धा लाटता येतात!" तिला नवल वाटलं. तिनं चुडामणला विचारलं. तो म्हणाला, नवीन दगड बसवलाय, बारीक दळतो. आम्ही दोघींनी मान डोलावली. मी पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. मलाही कळलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत हिलाल मास्तर पुन्हा आले. या वेळी एकटेच, हातात पिशवी. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. मी सुट्टीवर होते, कुंदाबाईकडेच बसले होते. समाधान तीन आठवड्यांपासून धुळ्याच्या एका दवाखान्यात होता. वजन पाच वर्षांच्या मुलाइतकं. डॉक्टरांनी विचारलं, मुलगा गहू खातोय का. मास्तर म्हणाले, नाही. डॉक्टर म्हणाले, खातोच आहे, नाहीतर असं होत नाही.

"वर्षभर हेच चाललंय," मास्तर सांगत होते. "पोट दुखतं म्हणायचा. मला वाटलं, शाळेत पोरांच्या डब्यातलं खातो. चोरून बिस्किट खातो. मी दप्तर तपासायचो. खिसे तपासायचो. तो म्हणायचा, दादा, मी काही नही खादं. मी मारलं त्याला, अक्का. एकदा नाही. दिवाळीत तर पट्ट्यानं मारलं. म्हटलं, खोटं बोलतोस."

मास्तरांनी पिशवीतून एक पुडी काढून उंबऱ्यावर ठेवली. "डॉक्टर म्हणाले, घरात जे जे खातो ते सगळं तपासून बघा. एवढीच एक वस्तू राहिली."

कुंदाबाईनं पुडी उचलली, परातीत ओतली, पाणी शिंपडून गोळा केला. डाव्या हातानंच मळत होती, उजवा चालत नव्हता. भगरीचा गोळा असा असतो की दाबला की भुगा होतो. हा गोळा दोन बोटांनी ओढला तर लांबला. जरासाच, पण लांबला. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा घेतला, गोळा त्यात बांधला आणि पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळायला लागली. पाणी पांढरं झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. असं पाच-सहा वेळा. निव्वळ भगर असती तर फडक्यात काही उरायला नको होतं. शेवटी तिनं फडकं उघडलं. आत सुपारीएवढा करडा, रबरासारखा गोळा होता. तिनं तो ओढला. तो ताणला गेला आणि सोडल्यावर परत जागेवर आला.

"मैदा," ती म्हणाली.

हिलाल मास्तर उंबऱ्यावरच बसले. इतका वेळ शुद्ध बोलणारा तो माणूस, आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "मना पोर्‍या खरं बोली राहिंता, अक्का. इतला दिन खरं बोली राहिंता."

आम्ही तिघं रिक्षानं शेडवर गेलो. दारावर पाटी तशीच होती. आत, चक्कीच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली मैद्याची पोती. कुंदाबाईनं ताडपत्री उचलली आणि तशीच धरून उभी राहिली. चुडामण बाहेरून आला, आम्हाला पाहिलं, आणि घाबरण्याऐवजी वैतागला.

"लोकायची तक्रार होती, अक्का. भाकरी तुटते, पुरी फाटते. पुड्या परत येत होत्या. चौथा हिस्सा घातला फक्त. उपासाच्या बायायले कळत न्हाई, अन् कोणी मरत न्हाई."

"अन् आजारी पोरं?"

"किती असतील? चार? पाच? अन् तुह्या पोरीच्या पिठात एक चिमूट घातलं न्हाई मी. कधीच न्हाई. तिचा डबा चक्की धुवून, सगळ्यात आधी, मी माह्या हातानं दळत होतो. विचार तिले, कधी दुखलं का पोट? भाचीसाठी मी काय कमी केलं?"

मला वाटलं होतं, कुंदाबाई ओरडेल, त्याला मारेल. ती अगदी हळू बोलली.

"म्हणजे तुले माहीत होतं."

"काय?"

"गव्हानं काय होतं ते. तुले न कळता झालं असतं तं मी समजली असती. तुले सगळं माहीत होतं, म्हणून तं तू हर्षीचा डबा वेगळा ठेवला."

हिलाल मास्तर बाहेर शेडच्या भिंतीला टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई आणि मी धुळ्याला गेलो. समाधान दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मोठे डोळे, मनगटं इतकी बारीक की सलाइनची पट्टी दोनदा गुंडाळलेली. कुंदाबाई त्याच्या जवळ बसली.

"बेटा, तू खोटं बोलला नव्हता. पिठात गहू होता. माझ्या पिठात."

पोरानं वळून तिच्याकडे नाही, बापाकडे पाहिलं. "मी सांगतच होतो," म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसा तो दचकून आखडला. मास्तरांनी हात काढून घेतला. त्याची आई कोपऱ्यात उभी होती. ती आम्हाला म्हणाली, "तुम्ही पत्र लिहिलं होतं ना, निर्धास्त द्या म्हणून? मी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं."

तिनं ते कुंदाबाईला म्हटलं, पण अक्षर माझं होतं. मी खाली बघत राहिले.

परतीच्या एस.टी.त कुंदाबाई पारोळा येईपर्यंत बोटांवर पत्ते मोजत होती. मग म्हणाली, "वहिनी, कार्डं किती आणता येतील पोस्टातून?" त्या आठवड्यात आम्ही ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना लिहिलं: पीठ खाऊ नका, त्यात मैदा आहे, चूक आमची आहे. फडक्यात बांधून कसं धुवून बघायचं तेही लिहिलं. पहूरच्या बाईचं उलटटपाली उत्तर आलं, त्यात दोनच ओळी होत्या. तिच्या मुलीची शाळा वर्षभर बुडाली होती. भुसावळचा रेल्वेवाला घरी येऊन दारात उभा राहून वाट्टेल ते बोलून गेला. कुंदाबाईनं त्याला मध्ये अडवलं नाही, भावाचं नावही घेतलं नाही.

पण घरातलं बोलणं तिला जास्त लागलं. पितांबरभाऊ भला माणूस, पण म्हणाला, "गपचूप बंद करायचं होतं. कार्डं कशाला पाठवली? भाऊ आहे तुझा." सावद्याहून धुरपदाबाई आली, पाणीसुद्धा प्यायली नाही. "भावाले गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तू. त्यानं तुह्या पोरीले जपलं, त्याचं हे फळ?" कुंदाबाईला वाटलं होतं, आईला तरी कळेल. आईला दिसत होता तो फक्त मुलगा.

तिनं तक्रारही केली. अन्नभेसळीच्या कचेरीतून माणूस आला, पिठाचा नमुना घेऊन गेला. चार महिन्यांनी कागद आला. तो मीच तिला वाचून दाखवला. नमुन्यात खडे, किडे, घातक रंग आढळले नाहीत. मैद्याचं नावही नाही; पीठ खाण्यास योग्य आहे. "योग्य," कुंदाबाई म्हणाली. कागद घडी करून तिनं मला परत दिला, जणू माझाच होता. चुडामणनं तोपर्यंत शेड रिकामी केली होती. दुसऱ्या तालुक्याच्या गावी जाऊन त्यानं दुसऱ्या नावानं पुड्या काढल्या. त्यावर फोटो नव्हता.

कुंदाबाईनं पीठ विकणं कायमचं सोडलं. कोणी आजारी पोर घेऊन आलं तर त्यांना ती जातं घ्यायला सांगायची, आपल्यासमोर दळायला लावायची, ओली भगर आणि कोरडी भगर दोन्हींचा वास घ्यायला लावायची. "कोणावर विसंबू नका," म्हणायची. "माझ्यावरबी नका." दिवालीबाईचं गाठोडं येत राहिलं, पण आता तेही ती दाणा दाणा निवडायची. पूर्वी नुसतं सोडून डब्यात भरायची. दिवालीबाईच्या ते लक्षात आलं. तिनं फक्त एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली.

समाधान वाचला. तांदूळ, डाळ आणि घरी दळलेली ज्वारी यांवर दीड वर्षात अंग धरलं. मास्तरांनी स्वतः जातं आणलं आणि शाळेतून आल्यावर तेच दळायचे. हे त्यांनी मला एका पत्रात कळवलं. शेवटी लिहिलं होतं, मुलगा आता पोटभर खातो, पण ताट समोर आलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मी खाईपर्यंत थांबतो.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात धुरपदाबाई गेली. उत्तरकार्याला कुंदाबाई हर्षलाला घेऊन सावद्याला गेली, मीही सोबत होते. चार वर्षांत बहीण-भाऊ समोरासमोर आले नव्हते. पंगत बसली. वरण आणि गव्हाची बट्टी, वांग्याची भाजी. हर्षला सतरा वर्षांची, एका कडेला रिकाम्या हातानं बसलेली. तेवढ्यात चुडामण आतून झाकलेलं ताट घेऊन आला. केस पिकले होते, खांदे उतरले होते. तो तिच्यासमोर वाकला.

"हर्षी, तुह्यासाठी वेगळं केलं. भात आहे, ज्वारीची भाकरी आहे. चूल वेगळी, भांडे वेगळे. मी स्वतः उभं राहून केलं. गव्हाचा हात लागला न्हाई."

खरंच केलं असेल त्यानं. मला तरी वाटतं, खरं होतं ते. हर्षलानं आईकडे पाहिलं. पंगतीतल्या बायका जेवायच्या थांबल्या. कुंदाबाईनं भावाकडे पाहिलं, बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि क्षणभर मला वाटलं, ती हो म्हणेल.

"नको खाऊ," ती म्हणाली.

हर्षला उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. कोणीतरी तिला केळी आणून दिली. चुडामण ताट धरून तसाच वाकून उभा होता. मग कुंदाबाईनंच ते त्याच्या हातातून घेतलं, जमिनीवर ठेवलं, वर पुन्हा झाकण घातलं, आणि आपल्या पानावरची बट्टी मोडायला लागली.